टर्बो गाडीच्या सायलेन्सरला हीट रॅप: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला आणि पारा चाळिशीच्या वर गेला की दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात. बोनेट उघडलं की झळ तोंडावर येते ओ, टर्बोला रॅप मारू का, कुठला मारू, कोण मारून देईल. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. रॅप चांगली वस्तू आहे, पण रोज चालवायच्या गाडीला ती बहुतेक वेळा फक्त डाऊनपाईपवर लागते (टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, आणि डाऊनपाईप म्हणजे त्यातून खाली जाणारा पाईप), बाकी ठिकाणी आधी दुसरी कामं करायची असतात. पटत नसेल तर खाली कारणं आहेत, पटत असेल तरी वाचा कारण गुंडाळायची पद्धत पण खालीच आहे.

हीट रॅप म्हणजे नेमकं काय असतं?

उष्णता सहन करणाऱ्या धाग्याची विणलेली पट्टी. साधारण २ इंच रुंद, दीडेक मिलिमीटर जाड, रोलमध्ये मिळते, १५ फुटी, ३३ फुटी, ५० फुटी असे रोल असतात. ही पट्टी गरम पाईपवर घट्ट गुंडाळली की धाग्यांच्या मधली हवा उष्णतेला अडवते. पाईपमधला गॅस गरमच राहतो आणि ती उष्णता बोनेटमध्ये पसरायच्या ऐवजी मागच्या टोकातून बाहेर जाते.

एक गोष्ट लक्षात घ्या, तापलेला पाईप आजूबाजूच्या वस्तूंना नुसता हवेतून तापवत नाही, तो उष्णता फेकतो, शेगडीसमोर उभं राहिल्यावर चेहऱ्याला लागते तशीच. आणि हे फेकणं तापमानाबरोबर सरळ वाढत नाही, झपाट्याने वाढतं. ३०० डिग्रीचा पाईप आणि ६०० डिग्रीचा पाईप यात दुप्पट फरक वाटतो, पण ६०० वाला पाचपटीहून जास्त उष्णता फेकतो. म्हणून पाईपचा बाहेरचा पृष्ठभाग थोडा जरी थंड ठेवला तरी शेजारच्या वायरी, रबरी होज, ब्रेकचा पाईप, स्टार्टर मोटर यांना बराच आराम मिळतो. रॅपचा खरा फायदा हा आहे.

सोलापुरात ४३ डिग्री असतं, मग इथं तर लावायलाच पाहिजे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त गैरसमज पण इथंच आहे. टर्बो पेट्रोल गाडी जोरात पळवली तर टर्बोत शिरणारा गॅस ८५० ते ९५० डिग्रीपर्यंत असतो, डिझेलचा त्यापेक्षा कमी, ७००-८०० च्या घरात. आता बाहेर ३० असलं काय आणि ४३ असलं काय, त्या पाईपला काही फरक पडत नाही.

फरक कुणाला पडतो तर बाहेरच्या हवेवर थंड होणाऱ्या सगळ्या वस्तूंना. रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि इंटरकूलर, म्हणजे टर्बोनं दाबून गरम झालेली हवा इंजिनात जायच्या आधी थंड करणारी जाळी. बाहेरचीच हवा ४३ ची असेल तर इंटरकूलर तरी काय करणार, तो हवेपेक्षा थंड थोडाच करून देईल. इंजिनात जाणारी हवा दर ३ डिग्री गरम झाली की साधारण १ टक्का विरळ होते, म्हणजे उन्हाळ्यात दुपारी गाडी मेल्यासारखी वाटते ती उगाच नाही, आणि त्यात एक्झॉस्टचा संबंध थोडाच आहे.

म्हणून रॅप आणायच्या आधी पुढचा बंपर खोलून इंटरकूलर आणि कंडेन्सरच्या मधली जागा बघा. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून गाडी चालवलेली असते, पाचट, धूळ, रात्री हैदराबाद रोडला आपटलेले किडे, सगळं तिथं जाऊन बसतं. मऊ ब्रश आणि कमी प्रेशरचं पाणी मारून साफ करा, प्रेशर वॉशरचं नोझल जवळून मारलं तर फिन्स (पातळ पत्र्या) मुडपतात. हे केल्यावर निम्म्या लोकांची तक्रारच संपते आणि रॅपचे पैसे वाचतात. कूलंट किती जुनं आहे ते पण बघून घ्या, नुसतं पाणी भरून चालवणारे अजून खूप आहेत.

मग रॅपची खरी गरज कुणाला आहे?

ज्याचा डाऊनपाईप बदललाय त्याला. कंपनीच्या पाईपवर पत्र्याची शील्ड असते, बाहेरून बनवून घेतलेल्या पाईपवर ती नसते, आणि तो पाईप बऱ्याचदा जाडही असतो म्हणून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा), स्टिअरिंगच्या रॉडच्या, गिअरच्या केबलच्या जवळून जातो. रिमॅप केलेल्या, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेल्या गाडीला गरज जास्त. ज्याची वायरिंग एकदा वितळलीय त्याला तर आहेच. आणि ज्याच्या ड्रायव्हर सीटपाशी पायाला चटके बसतात त्याला, पण त्यानं आधी बघावं की शील्ड जागेवर आहे का. शील्डचे बोल्ट गंजून तुटतात, मग ती खडखड वाजते, मग गॅरेजवाला काढून फेकतो आणि आपल्याला सांगत पण नाही. अशी गाडी असेल तर शील्ड परत बसवा, रॅप विसरा.

कंपनीची फिटिंग जशीच्या तशी असलेली नेक्सॉन किंवा व्हेन्यू टर्बो घेऊन घर ते ऑफिस करणाऱ्याला काहीच गुंडाळायची गरज नाही, खरंच नाही.

कुठं लावायचं आणि कुठं अजिबात लावायचं नाही?

इथं जरा सविस्तर सांगतो कारण नुकसान सगळं इथंच होतं.

डाऊनपाईप, म्हणजे टर्बोमधून निघून खाली जाणारा पाईप. इथं लावा. स्टेनलेसचा असेल तर बिनधास्त, साध्या लोखंडाचा असेल तर खाली गंजाचा प्रश्न वाचून मग ठरवा.

मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिन हेड ते टर्बो. कंपनीचा बिडाचा असेल तर लावू नका. बीड जाड असतं, त्याला उष्णता बाहेर टाकायची सवय असते, ती अडवली की धातूचं तापमान चढतं, आणि प्रत्येक वेळी तापणं आणि थंड होणं यातला फरक वाढतो. चीर पडते ती बहुतेक दोन पाईप जिथं जुळतात त्या कोपऱ्यात, आणि रॅपच्या खाली असल्यामुळं ती दिसत पण नाही, नुसता फट फट आवाज येतो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, कमी होतो. पाईप वेल्ड करून बनवलेला मॅनिफोल्ड असेल तर चांगल्या ग्रेडचं स्टेनलेस आणि चांगलं वेल्डिंग असलं तरच विचार करा. ट्रॅकवरच्या गाड्यांना लावतात, पण ते लोक मॅनिफोल्ड वरचेवर उघडून तपासतात, आपण तीन वर्षं बोनेट उघडत नाही.

टर्बोची गरम बाजू, म्हणजे टर्बाईन हाऊसिंग. पट्टी गुंडाळू नका. त्या गोगलगायीसारख्या आकारावर पट्टी नीट बसत नाही, सैल राहते, आणि गुंडाळता गुंडाळता लोक मधला भाग पण झाकून टाकतात. मधल्या भागात बेअरिंग असतात, ऑइलची लाईन असते, तो भाग उघडा पाहिजे. वेस्टगेटचा (टर्बोचा जास्तीचा गॅस बाजूनं सोडणारी झडप) दांडा आणि तो हलवणारा ॲक्च्युएटर पण मोकळा पाहिजे, आजकाल तो इलेक्ट्रिक असतो, आत प्लास्टिकचे गिअर असतात. टर्बोला झाकायचंच असेल तर ब्लँकेट वेगळं मिळतं, त्याचं खाली लिहिलंय.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, विषारी गॅस साफ करणारा डबा) आणि डिझेलवाल्यांचा डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर). हात लावू नका. हे भाग आत स्वतःच उष्णता तयार करतात, डीपीएफ साफ होताना ६०० डिग्रीच्या आसपास जातो. कॅटच्या आतली जाळी सिरॅमिकची असते, इंजिन मिसफायर झालं आणि न जळलेलं पेट्रोल आत गेलं तर ती वितळू शकते, वरून रॅप म्हणजे आणखीच.

ऑक्सिजन सेन्सर. त्याच्या नटाभोवती बोटभर जागा सोडा. सेन्सरचं टोक गॅसमध्ये असतं पण त्याची बॉडी आणि वायर थंड राहायला पाहिजे.

फ्लेक्स पाईप, ती जाळीदार वाकणारी नळी. तिच्यावर घट्ट गुंडाळली की ती वाकणं बंद. एक मीटर स्टेनलेस पाईप ६०० डिग्रीनं तापला तर जवळजवळ १० मिलिमीटर लांब होतो, ती लांबी कुठंतरी जायला पाहिजे ना, फ्लेक्स अडवला तर ती मॅनिफोल्डच्या बोल्टवर आणि वेल्डिंगवर जाते.

माझी पोलो टीएसआय आहे, मॅनिफोल्डच दिसत नाही, कुठं गुंडाळू?

दिसणार नाही मालक, कारण १.० टीएसआय इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या आतच ओतलेला आहे, त्याच्या भोवती कूलंट फिरतं. टर्बो थेट हेडला बोल्ट होतो. म्हणजे टर्बोच्या आधी गुंडाळायला काही शिल्लकच नाही. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराचे कडक नियम) गाडीत टर्बोच्या लगेच पुढं कॅट असतो, तो पण सोडायचा. राहिला कॅटच्या खालचा पाईप, तेवढ्याला लावायचं असेल तर लावा, पण तोपर्यंत फायरवॉलच्या जवळचा भाग मागं पडलेला असतो, त्यामुळं फायदा नावापुरता.

फायबरग्लास घेऊ की टायटॅनियमवाला?

टर्बोच्या जवळ काहीही लावायचं असेल तर टायटॅनियमवाला. नाव तसं असलं तरी तो माल ज्वालामुखीच्या दगडाचा असतो, बसाल्ट वितळवून त्याचा धागा काढतात. डीईआय कंपनी जी हा टायटॅनियम रॅप विकते ती स्वतःच सांगते की लाव्हा रॉकपासून बनवलाय. आपलं अख्खं सोलापूर ज्या काळ्या पाषाणावर बसलंय तोच दगड की, फक्त अमेरिकेतून धागा होऊन परत येतो.

साधा फायबरग्लास सतत साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत ठीक राहतो. त्याच्या वर गेलं की धागा कडक होतो, मग हात लावला की भुकटी होते. बसाल्टवाल्यांचं रेटिंग १८०० फॅरेनहाइट असतं, म्हणजे साधारण ९८० डिग्री सेल्सिअस. बॉक्सवर फॅरेनहाइट लिहिलेलं असतं आणि आपला माणूस १२०० वाचून खूश होतो, अरे ते साडेसहाशे सेल्सिअस झाले. आणि मोठ्या अक्षरातला आकडा बऱ्याचदा थोड्या वेळापुरता असतो, सतत सहन करायचा आकडा बारीक अक्षरात खाली असतो, तो वाचा.

रंगावरून ओळखायला जाऊ नका. काळा, पांढरा फायबरग्लास दोन्ही असतो, रंग नुसता वरून दिलेला. बसाल्टचा मूळ रंग सोनेरी तपकिरी असतो, पण तो रंग पण देता येतोच की. ऑनलाइन एकदम स्वस्तात टायटॅनियम मिळत असेल आणि कंपनीचं नावच नसेल तर काय समजायचं ते समजा.

किती लांब रोल लागेल?

हिशोब सोपा आहे. पाईपचा घेर गुणिले पाईपची लांबी, भागिले पट्टीची उपयोगी रुंदी. अडीच इंची पाईप, ३ फूट लांब, ५० मिलिमीटरची पट्टी आणि त्यातली ६ मिलिमीटर एकमेकांवर चढलेली, म्हणजे उपयोगी रुंदी ४४. उत्तर येतं ४ मीटरच्या थोडं वर, साडेतेरा फूट. १५ फुटी रोलमध्ये कागदावर बसतं पण बेंडवर जास्त लागते आणि पट्टी मध्येच संपली की जोड द्यावा लागतो, जोड म्हणजे उद्या सुटायची जागा. मोठा रोल घ्या, उरलेली पट्टी कुणीतरी मित्र मागतोच.

गुंडाळायची पद्धत सांगा, स्वतः करता येईल का?

येईल, पण पाईप गाडीतून उतरवून. गाडीखाली झोपून, पाईप जागेवर ठेवून गुंडाळलेला रॅप मी आजवर घट्ट बघितला नाही. त्यामुळं पट्टीपेक्षा पाईप उतरवायची मजुरी जास्त पडते, आणि उतरवताना टर्बोचे स्टड तुटायची भीती असते, आदल्या रात्री गंजावरचं स्प्रे मारून ठेवा आणि गॅस्केट नवीन आणून ठेवा. हे काम येत नसेल तर उतरवणं-बसवणं मेस्त्रीकडून करून घ्या आणि गुंडाळणं स्वतः करा, कारण मेस्त्रीला तेवढा वेळ नसतो.

पाईप स्वच्छ पाहिजे. ऑइल, ग्रीस, हाताचा चिकटपणा सगळं थिनरनं पुसा. कुठं चीर, वेल्डिंगला भोक असेल तर आत्ताच भरून घ्या, नंतर दिसणार नाही.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क. फायबरग्लासचे बारीक तुकडे कातडीत घुसतात, दोन दिवस खाज जात नाही, आणि खाजलं की आणखी आत जातात. थंड पाण्यानं धुवा, चोळू नका.

फायबरग्लास असेल तर बादलीत पाण्यात भिजवून पिळून घ्या, मऊ पडतो, कमी उडतो. बसाल्टवाला कोरडाच चालतो. एवढ्यासाठी बादलीभर पाणी लागतं, नळाला कधी पाणी आहे ते बघून काम काढा म्हणजे घरी बोलणी बसणार नाहीत.

सुरुवात खालच्या टोकाकडून करा आणि टर्बोकडं वर जा. कौलं कशी खालून वर रचत नेतात, वरचं कौल खालच्यावर चढतं म्हणून पाणी आत जात नाही, तसंच. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक घडीचं तोंड वर राहतं आणि पाणी, चिखल आत धरला जातो. आडव्या पाईपला मागून पुढं या, म्हणजे वाऱ्यानं कडा उचलली जात नाही.

पहिला वेढा स्वतःवरच पूर्ण एक फिरवून स्टील टायनं पक्का करा. मग ६ मिलिमीटर चढवत पुढं चला. अर्धी पट्टी चढवायची गरज नाही, डबल थर झाला की खालचा धातू जास्त तापतो आणि काही ठिकाणी एक थर, काही ठिकाणी दोन असं झालं तर आणखी वाईट. प्रत्येक वेढ्याला ओढून घ्या, एक जण पाईप फिरवतोय आणि एक जण पट्टी ताणतोय असं दोघांनी केलं तर भारी बसतं. बेंडवर आतल्या बाजूला पट्टी जास्त चढते, बाहेरच्या बाजूला कमी, बाहेर उघडं पडत नाही ना एवढं बघा.

टाय स्टेनलेसचेच. दोन्ही टोकांना आणि मध्ये साधारण वीतभर अंतरावर. टायची टोकं कापल्यावर आत दाबा, पुढच्या वेळी हात घालणारा तुम्हीच असता. बांधकामाची बाइंडिंग तार वापरू नका, ती गंजून तुटते. जीआय तार पण नको, जस्त ४२० डिग्रीला वितळतं.

बसवल्यावर स्टार्ट केलं तर धूर येतोय, आग लागली का?

नाही. धाग्यावर कारखान्यात एक लेप दिलेला असतो तो जळतो, शिवाय भिजवलेलं पाणी उडतं. मोकळ्या जागेत उभी करून १०-१५ मिनिटं चालू ठेवा, बंद गॅरेजमध्ये नाही. मग विजापूर रोडला किंवा कुठंही मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारा. एक-दोन वेळा तापून थंड झालं की धूर आणि वास दोन्ही बंद व्हायला पाहिजेत. पूर्ण थंड झाल्यावर टाय एकदा तपासा, पट्टी बसल्यावर काही सैल पडतात.

चार-पाच वेळा चालवल्यावर पण धूर येत असेल तर तो लेपाचा नाही, कुठून तरी ऑइल टपकतंय. लगेच बघा.

म्हणजे आग लागू शकते?

लागू शकते, आणि ती रॅपमुळं नाही तर रॅपमध्ये मुरलेल्या ऑइलमुळं. टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळतंय, टर्बोची ऑइल लाईन ओलसर आहे, डिझेलची रिटर्न पाईप झिरपतीय, अशा गाडीत उघड्या पाईपवर पडलेला थेंब धूर होऊन उडून जातो. रॅपवर पडलेला थेंब आत शोषला जातो आणि तिथंच साठतो. डिझेलला पेटायला ठिणगीची गरज नसते, २१० डिग्रीच्या आसपास ते आपोआप पेट घेऊ शकतं, आणि डाऊनपाईप त्याच्या कितीतरी वर असतो. म्हणून गळणाऱ्या गाडीला रॅप लावूच नका. आधी गळती बंद. आणि नंतर कधीही रॅपवर ऑइल सांडलं, सर्व्हिसिंगला फिल्टर काढताना सांडतंच, तर तेवढा भाग धुवून भागत नाही, ती पट्टी बदला.

पिकअप वाढेल का? लॅग (पाय दाबल्यापासून टर्बो जोर धरेपर्यंतचा उशीर) कमी होईल का?

तुम्ही ज्याची वाट बघताय तसं काही नाही. सिद्धांत खरा आहे, टर्बोच्या आधीचा गॅस गरम राहिला तर त्यात ऊर्जा जास्त राहते आणि टर्बाईन लवकर फिरतं. पण ते टर्बोच्या आधीच्या भागाला लागू. डाऊनपाईप टर्बोच्या नंतर येतो, तिथं उष्णता राखून टर्बोला काय मिळणार? रोजच्या गाडीत आपण डाऊनपाईपच गुंडाळतोय, तेव्हा सीटवरून जाणवेल असा फरक शोधू नका. जाणवला तर पैसे घातल्याचा जाणवतोय.

उलट मापायचं असेल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान बघा, सात रस्त्याच्या सिग्नलला उभं असताना किती चढतं आणि गाडी हलल्यावर किती वेळात उतरतं. आधी आणि नंतर, त्याच वेळेला, त्याच रस्त्यावर.

आणि एसी? उन्हाळ्यात एसी कमी पडतो.

एसीचा कंडेन्सर पुढं असतो, एक्झॉस्ट मागं. संबंध नाही. कंडेन्सर धुवा, फॅन बघा, गॅस तपासा.

टर्बो ब्लँकेट कसं असतं?

टर्बाईन हाऊसिंगच्या मापाचं शिवलेलं कव्हर, आत सिलिका किंवा सिरॅमिकचा जाड थर, बाहेर बसाल्टचं कापड, काही ठिकाणी स्टीलची जाळी, स्प्रिंगनं बांधायचं. पट्टीपेक्षा हे शंभर पटीनं बरं कारण फक्त गरम बाजू झाकली जाते आणि स्प्रिंग काढून दोन मिनिटात तपासता येतं. माप टर्बोच्या फ्रेमप्रमाणं येतं, अंदाजानं मागवू नका. छोट्या टर्बोवर मोठं ब्लँकेट बसवलं की ते सरकून बेअरिंगच्या भागावर येतं.

ब्लँकेट असो की रॅप, गाडी बंद केल्यावर उष्णता जास्त वेळ आत राहते. हैदराबादहून ताणून आलात आणि पंपावर लगेच चावी फिरवली तर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल फिरायचं थांबतं आणि तिथंच भाजून काळा थर होतो. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, मग मिनिटभर आयडलवर ठेवून बंद करा. बऱ्याच नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांत बंद केल्यावर पण कूलंटचा छोटा इलेक्ट्रिक पंप चालू राहतो, पुढून घुर्रर्र आवाज येतो, तो बिघाड नाही.

पावसाळ्यात गंज धरेल का?

साध्या लोखंडाला धरेल. आपल्याकडं पाऊस कमी म्हणून निवांत राहू नका, पाणी फक्त पावसाचं नसतं, सर्व्हिसिंग सेंटरला खालून जे फवारतात ते पण असतं. पाणी पट्टीत मुरतं, पाईप तापला की वाफ होऊन जातं, पण जी गाडी रोज जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढीच जाते आणि नंतर दोन दिवस उभी राहते तिचा खालचा भाग दमटच राहतो. शिवाय लोखंड ५५० डिग्रीच्या वर गेलं की पापुद्रे सुटायला लागतात, रॅपखाली ते जास्त. लोखंडी पाईपला गुंडाळायचंच असेल तर आधी उष्णतारोधक सिलिकॉन रंग मारून, भाजून घ्या, आणि दर पावसाळ्यानंतर एक टोक सोडून आत बघा. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला हा त्रास जवळजवळ नाही.

आमचा सायलेन्सरवाला म्हणतो ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून देतो, स्वस्तात होतंय.

नको. ॲस्बेस्टॉसचे धागे श्वासातून फुप्फुसात गेले की कायमचे बसतात, त्यातून कॅन्सर होतो, आणि लक्षणं कित्येक वर्षांनी दिसतात. गुंडाळताना तो श्वास घेतो, चालवताना ब्लोअरमधून तुम्ही. त्याला पण सांगा. ग्लासवूल आणि वरून पत्रा हा प्रकार ट्रकच्या उभ्या सायलेन्सरला चालतो, बोनेटच्या आत हलून हलून ते वूल गळतं.

ती सोनेरी टेप मिळते ती लावली तर?

ती गरम वस्तूला लावायची नसते, गरम वस्तूपासून ज्याला वाचवायचंय त्याला लावायची असते. इंटरकूलरचा पाईप, एअर फिल्टरचा बॉक्स, फायरवॉल. ती उष्णता परावर्तित करते. डाऊनपाईपवर चिकटवली तर गोंद जळून घाण वास येईल आणि टेप लोंबेल. वायरीसाठी चांदीसारखी स्लीव्ह मिळते, ती चढवा. खरं सांगायचं तर बऱ्याच गाड्यांत एक फूटभर स्लीव्ह आणि पत्र्याची एक शील्ड, पाईपपासून बोटभर अंतर ठेवून, एवढ्यात काम होतं. मधली हवा मोकळी राहते, गंज नाही, ऑइल मुरत नाही, काढून बघता येतं. मला विचाराल तर पहिली पसंती हीच, पण ती दिसायला भारी नाही म्हणून कुणी विचारत नाही.

सिरॅमिक कोटिंग?

रॅपपेक्षा उत्तम, खासकरून मॅनिफोल्डला, कारण आतून-बाहेरून लेप बसतो आणि पाणी-ऑइल मुरायचा प्रश्नच नाही. पण भट्टीत भाजून केलेलं असेल तरच. स्प्रेच्या डब्यातला सिरॅमिक लिहिलेला रंग म्हणजे रंगच.

वॉरंटी जाईल का?

वॉरंटीतल्या गाडीला लावू नका. टर्बो, सेन्सर किंवा वायरिंगचा क्लेम आला की शोरूमवाला पहिला फोटो रॅपचाच काढेल. आणि रॅप लावतोच आहे तर कॅट पण काढून टाकतो असं म्हणणाऱ्यांनी पीयूसीचं काय करणार ते आधी ठरवावं.

बुलेटच्या बेंड पाईपला लावू का?

शोभेला लावतात सगळे. पाय भाजत नाही एवढा फायदा. पुढच्या चाकाचं सगळं पाणी त्याच्यावर येतं, खालून क्रोम गेलं म्हणून मग रडू नका.

किती दिवस टिकतो, कधी काढायचा?

चांगल्या मालाचा, स्टेनलेसवर, नीट बसवलेला असेल तर काही वर्षं जातो. रंग उडाला म्हणून बदलायची गरज नाही, काळा राखाडी होणारच. हात लावल्यावर धागे तुटून भुगा पडतोय, कडा सुटून लोंबतीय, ऑइलचा डाग दिसतोय, किंवा गाडीनं नवा फट फट आवाज सुरू केलाय, यातलं काहीही असेल तर काढा. काढताना आधी पाण्याचा हलका फवारा मारून ओला करा म्हणजे भुकटी उडणार नाही, मास्क लावा, पिशवीत भरून तोंड बांधून टाका. जुनी पट्टी परत वापरायचा प्रयत्न करू नका, एकदा तापलेली पट्टी वाकवली की तुटते.